चिमटा की चित्र

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर बोलायला लागलो की आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून वहिनीनं दोघांनाही पत्रं लिहायची शिक्षा दिली. ती मला मानवायला लागली आहे. निदान माझं वाक्य पुरं होतं.

मी इथे दिवसभर नक्की काय करते, ते चार शेजाऱ्यांना सांगता येईल अशा भाषेत लिही, असं तू म्हटलं आहेस. तर ऐक. तुझ्या छातीत बसवलेलं हृदय दुसऱ्या कुणाचं आहे, हे तुला पटलं, वहिनीला पटलं, पण तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते अजून पटलेलं नाही. त्यांच्या लेखी तो घुसखोर. तुझ्या गोळ्या त्यांना गुंगीत ठेवतात, तरी मध्येच एखादी टोळी जागी होते आणि हृदयावर चाल करून जाते. असं काही सुरू झालंय का, हे कळायला आज एकच भरवशाचा उपाय आहे, तुझा लाडका चिमटा. मानेतल्या शिरेतून तार घालायची, हृदयाचे कणीएवढे तुकडे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. आम्ही म्हणतो, तुकडे कशाला? माणसाचं थोडं रक्त घ्यावं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या कराव्यात, त्यांना किरणोत्सारी द्रव्याचा अगदी थोडा अंश चिकटवावा आणि परत त्याच्याच शिरेत सोडून द्याव्यात. दुसऱ्या दिवशी त्याला कॅमेऱ्याखाली झोपवावं. पेशी हृदयापाशी जमल्या असतील तर चित्रात ती जागा उजळते. झालं. मान शाबूत.

ऐकायला किती सोपं! आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात द्रव्याची पेटी विमानतळावर अडकली. कुणीतरी किरणोत्सारी हा शब्द वाचला, पेटी कोपऱ्यात सरकवली आणि जेवायला गेला. हे द्रव्य बर्फासारखं असतं, नुसतं ठेवलं तरी कमी होत जातं. पेटी हातात पडली तेव्हा तिच्यात काही दम उरला नव्हता. सकाळी रक्त देऊन बसलेल्या बाईंना परत पाठवावं लागलं. पुन्हा किती वाजता येऊ, एवढंच त्यांनी विचारलं, तेच जास्त लागलं. त्याआधीच्या खेपेला पेशी यंत्रात फिरून फिरून इतक्या दमल्या, की परत सोडल्यावर हृदयाकडे जायचं सोडून यकृतात जाऊन आडव्या झाल्या. दोन वर्षं हेच चाललंय, दादा. आमच्या विभागाच्या मोठ्या मॅडम म्हणतात, धीर धर. मी दिवसभर धीर धरते आणि घरी येऊन भांडी आपटते.

तुझा चिमटा याच महिन्यात आहे ना? झाला की लगेच कळव. वहिनीला नमस्कार.

माया आहेच. काटकसर न करता वापरावी,
तुझी ठमी


ता. १३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ते मी ऑफिसात वाचून दाखवलं, आमच्या इमारतीखालच्या चष्मेवाल्याला वाचून दाखवलं आणि दाढी करता करता आरशालाही. सगळ्यांना समजलं. फक्त चष्मेवाल्यानं विचारलं की त्या द्रव्यानं माणूस अंधारात चमकतो का. मी म्हटलं, चमकला तर विजेचं बिल वाचेल.

माझं विचारशील तर कंटाळलोय. सगळी उमर लिफ्टच्या दोरांना लोंबकळण्यात गेली. आता कंपनीनं टेबल दिलंय आणि टेबलावर टेलिफोन. लोक कळवतात, लिफ्ट अडकली. मी लिहून घेतो, मेकॅनिकना पाठवतो, ते तासाभरात परत येऊन सांगतात, झालं. काय बिघडलं होतं विचारलं की खांदे उडवतात आणि सर्किटचं कार्ड बदललं म्हणतात. मला वर जाऊन बघायचीही चोरी. जिने चढू नका, वजन उचलू नका, गर्दीत शिरू नका, मांजर पाळू नका. मांजर मला जन्मात कधी आवडलं नाही, पण आताशा रोज हवंसं वाटतं.

चिमटा गेल्याच आठवड्यात झाला. सगळं ठीक. काळजी करू नकोस. त्याआधीच्या वेळची गोष्ट तुला सांगितली नव्हती. शीर सापडेना म्हणून मान तीनदा टोचली. तो नवशिका डॉक्टर माझ्याकडे असा बघत होता, जशी काही मीच ती लपवून ठेवली आहे. एवढं करून दोन दिवसांनी निरोप आला, तुकडे पुरेसे निघाले नाहीत, परत या. ठमे, मी माणूस आहे की चाळणी?

तुझं ते चित्राचं काम लवकर मार्गाला लाव. मी भेटेल त्याला सांगतो, माझी बहीण हे चिमटे कायमचे बंद करणार आहे.

लोभ आहे, तक्रार नाही. तक्रारींसाठी टेलिफोन आहेच.
दादा


ता. २ मार्च

प्रिय ठमी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र शाळेच्या कचेरीतून मधल्या सुट्टीत लिहिते आहे. घरून फोन करायची सोय नाही, कारण हे दिवसभर घरीच असतात. ऑफिसातून रजा घेतली आहे. तुला कळवलं नसणारच.

यांचा चिमटा झालेला नाही. परवा हॉस्पिटलमधून मलाच विचारणा झाली, की पेशंट दोन तारखा देऊनही आले नाहीत, काही अडचण आहे का. माझा विश्वास बसेना. चिमट्याच्या पहिल्या तारखेला हे सकाळी डबा घेऊन हॉस्पिटलला म्हणून निघाले होते आणि संध्याकाळी मानेला पट्टी लावून परत आले होते. ती पट्टी औषधाच्या दुकानातून विकत घेतलेली होती, ठमी. बागेत बसून स्वतःच्या हातानं चिकटवलेली. ती भिजू नये म्हणून मी तीन दिवस यांना डोक्यावरून पाणी घेऊ दिलं नाही.

आता दम लागतो. बुटाची नाडी बांधताना मध्येच थांबतात, आणि आपण विचार करत होतो असं दाखवतात. रात्री उशीवर उशी रचून जवळजवळ बसूनच झोपतात. संध्याकाळी मोजे काढले की पायावर त्यांची खोल कड उमटलेली असते. मी बोलले की हवा बदलली म्हणतात. परवा मी सगळं तोंडावर मांडलं, तेव्हा आधी चिडले, मग म्हणाले की ठमीचं चित्र तयार होईतो थांबणार. तोवर मानेला हात लावू देणार नाही.

खरं सांगू? मला तुझा राग आला. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू काहीच लपवलेलं नाहीस, अडचणी सगळ्या लिहिल्या आहेस. पण माणसाला हवं तेवढंच दिसतं. यांनी वरचा भाग वाचला आणि खालचा सोडून दिला. गेल्या वेळी त्या टेबलावरून उतरल्यावर यांचे हात किती वेळ थरथरत होते ते मी पाहिलं आहे, त्यामुळे फार बोलवतही नाही. पण आता माझी मात्रा चालत नाही. तुझी चालली तर बघ.

घंटा झाली. तुझ्या शब्दाची वाट बघते आहे, नमस्कार तर आहेच.
तुझी वहिनी


ता. ५ मार्च

दादा,

मायना लिहायची इच्छा नाही, पण हे पत्र वहिनीही वाचेल म्हणून लिहिते, शि. सा. न.

फोनच करणार होते, पण तू ठेवून दिला असतास. पत्र फाडलंस तर वहिनी तुकडे चिकटवून वाचून दाखवेल.

पट्टी लावलीस? पन्नाशी उलटलेला माणूस बागेत बसून मानेला खोटी पट्टी लावतो? शेकडो माणसं ज्याच्या भरवशावर रोज वर-खाली करत आली, तो? तुझ्या हाताखालचा एखादा मेकॅनिक लिफ्ट न तपासता तपासली म्हणून सांगता, तर तू त्याला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवलं असतंस का? मला उत्तर नको. मला माहीत आहे.

आता नीट वाच. खालचा भागही वाच. माझं चित्र तयार नाही. उद्या होणार नाही, पुढच्या वर्षीही होईल की नाही सांगता येत नाही. चिमटा काय म्हणतो आणि चित्र काय म्हणतं, हे आम्ही पडताळून बघतो, तेव्हा दोन्ही जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त वेळा जुळतात. नाणं उडवलं तरी फार वेगळं होणार नाही. अशा गोष्टीवर तू जीव टांगून बसला आहेस आणि वर गावभर माझं नाव सांगतो आहेस. वहिनीचं पत्र वाचल्यावर माझ्या हातून पेशींची नळी निसटली. एका माणसाचा सकाळपासूनचा खोळंबा वाया गेला आणि त्याची माफी मागून मला पुन्हा त्याचंच रक्त मागावं लागलं.

दम लागणं, पाय सुजणं हे हवेनं होत नसतं. मी मॅडमना सगळं सांगितलं. आमच्या अभ्यासात बाहेरचे पेशंटही घेतात. त्या आमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्या, आणि ते तुझ्या डॉक्टरांशी. ठरलं ते असं. तू सोमवारी इथे भरती व्हायचंस. त्याच दिवशी रक्त घेतील, मंगळवारी चित्र काढतील आणि बुधवारी चिमटा. चिमट्याशिवाय चित्र नाही, ही अट माझी नाही, अभ्यासाचीच आहे. चित्र खरं बोलतं का, हे चिमट्यावरूनच ठरतं. आणखी एक. तुझ्या रक्ताला मी हात लावायचा नाही आणि तुझं चित्रही बघायचं नाही, असं मॅडमनी बजावलं आहे. आपलं माणूस असलं की डोळ्यांना नाही ते दिसतं किंवा आहे ते दिसत नाही. मला हे पटतं आणि तरी संताप येतो.

सोमवारच्या आत दम वाढला तर माझी वाट बघायची नाही. तडक तिथल्याच हॉस्पिटलात जायचं.

सध्या रागच आहे, तो लोभासारखा मानून घ्यावा,
ठमी


ता. ७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

येतो. तुझी वहिनी बॅग भरते आहे आणि तिची चेन जरा जास्तच जोरात ओढते आहे.

तू लिहिलेल्या मेकॅनिकला मी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. खरं आहे.

पण एक सांगतो आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही. चिमट्याला मी भितो, ते तुला वाटतं तेवढंच. मला जास्त भीती वाटते ती त्यानंतर डॉक्टर काय सांगतील याची. कुणाच्या तरी घरचं माणूस गेलं, त्या रडण्यातून त्यांनी सही केली आणि हे हृदय मला मिळालं. ते तुम्हाला सांभाळता आलं नाही, असं कुणी मला तोंडावर सांगितलं तर मी काय करू? ऐकलंच नाही तर झालंच नाही, असं वाटत राहतं. मूर्खपणा आहे, कळतं.

सोमवारी सकाळच्या गाडीनं निघतो. स्टेशनवर रडायचं नाही.
दादा


ता. ६ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद!

घरी येऊन आठ-दहा दिवस झाले. पाय माझे मला ओळखू यायला लागले. एकाच उशीवर झोपतो. त्या स्टिरॉइडच्या सलाइननं तोंड मात्र असं फुगलंय, की चष्मेवाल्यानं नवी फ्रेम काढून ठेवली, जुनी कानावर बसेना.

इथल्या डॉक्टरांनी तुमच्याकडचे सगळे कागद वाचले आणि मला समोर बसवून सांगितलं, की तुमच्या पेशींनी हृदयावर चांगलाच हल्ला केला होता, आणखी महिनाभर गेला असता तर आपली ही भेट झाली नसती. तुझी वहिनी तिथे सगळं वहीत लिहून घेत होती. बाहेर आल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडली. मी तिला म्हटलं, रडतेस काय, ठमीच्या चित्रानं वेळेवर चोर पकडला!

तू म्हणत होतीस, काही जुळत नाही, काही जमत नाही. घे. तुझ्या घरच्याच माणसावर जमलं. मंगळवारी त्या थंडगार खोलीत कॅमेऱ्याखाली पडलो होतो, तेव्हा आत काय दिसतंय म्हणून विचारलं, तर चित्र काढणारा म्हणाला, चित्र अगदी छान आलंय. लगेच दोन दिवसांत औषध सुरू. आणखी काय हवं? तू उगाच स्वतःला कमी लेखतेस. लहानपणापासून हीच खोड.

आता मोठी बातमी. हृदय बदललेल्या आमच्यासारख्या लोकांचं इथे एक मंडळ आहे, महिन्यातून एकदा भेटतात. येत्या अठरा तारखेला त्यांनी मला बोलायला बोलावलंय. मी सांगणार आहे, की चिमट्याचे दिवस भरले. आपण सगळ्यांनी मिळून हॉस्पिटलला अर्ज द्यायचा, आम्हाला मानेत तार नको, चित्र हवं. वीसेक माणसं तरी सह्या करतील. त्यांना दाखवायला तुमच्या यंत्राचा एखादा फोटो पाठव.

अभिमान पाकिटात मावला नाही, बाकी लोभ आहेच,
दादा


ता. १० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोटो पाठवत नाही. का, ते लिहिते. पत्र संपेपर्यंत खुर्चीवर बसून राहा, वहिनीलाही जवळ बसव.

तुम्ही गेल्यावर आठवड्यानं मॅडमनी मला बोलावलं. तुझं चित्र आणि तुझा चिमटा पडताळून झाले होते. चिमट्यात हृदयाच्या कणाकणात पांढऱ्या पेशी ठासून भरलेल्या होत्या. चित्रात काही नव्हतं. पेशी यकृतात दिसत होत्या, प्लीहेत दिसत होत्या. हृदयापाशी अंधार. चित्र छान आलं, म्हणजे हललं नाही, स्पष्ट आलं, एवढंच त्या चित्र काढणाऱ्याला म्हणायचं होतं. दोन जाणकारांनी ते एकमेकांना न विचारता वाचलं. दोघांचंही मत एकच, हृदय सुरक्षित आहे.

मी मॅडमच्या हातापाया पडून ते चित्र बघितलं. उजेड वाढवून बघितलं, कमी करून बघितलं. डोळ्यांना नाही ते दिसतं म्हणतात ना, मला तेवढंही दिसलं नाही.

का झालं, विचारशील. ठाऊक नाही. कदाचित आम्ही चिकटवलेल्या द्रव्यानंच त्या पेशी लुळ्या झाल्या असतील. कदाचित तुझ्या गोळ्यांमुळे त्यांच्यात चालायची ताकद नसेल. कदाचित आम्ही सोडल्या त्या फारच थोड्या होत्या. हे तीन कदाचित घेऊन मी रोज सकाळी कामाला जाते आणि तीनही जसेच्या तसे घरी घेऊन येते. दोन वर्षं मी जे हात दुखेस्तोवर केलं, त्यानं माझ्या सख्ख्या भावाला ओळखलं नाही. तू म्हणत होतास तसं नुसतं चित्रच काढलं असतं, तर आम्ही तुला सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं असतं. मीच सांगितलं असतं, हसत हसत. आणि डब्यात खाऊ देऊन तुला गाडीत बसवलं असतं. याच्या पुढचा विचार माझ्यानं करवत नाही.

तुला हे कळवायला मी तीन पत्रं सुरू केली आणि फाडली. चौथं तुझ्या बातमीनं लिहायला लावलं. दादा, त्या मंडळात असं बोलू नकोस. त्या वीस जणांतल्या एकानं जरी तुझं ऐकून आपली तारीख चुकवली, तर ते तुझ्याही माथी आणि माझ्याही. तुला चिमट्यानं वाचवलं. मान टोचणाऱ्या, हात थरथरवणाऱ्या, तुला नकोशा असलेल्या त्याच चिमट्यानं.

हाडांची चित्रं काढायच्या विभागात एक जागा रिकामी आहे. बदली मागायचं मनात आहे. तिथलं काम रुळलेलं आहे, जे दिसतं ते असतं. मॅडमना अजून बोलले नाही.

या वेळी लोभ ठेवावा असं सांगायला जीभ रेटत नाही,
ठमी


ता. २६ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. चार दिवस मी गॅलरीत बसून काढले. वहिनीनं समोर ठेवलेलं खाल्लं, एवढंच. राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे ठरेना. तुझ्यावर काढावा तर तू आधीच सगळं सांगून ठेवलेलं. चित्रावर काढावा तर त्याला कान नाहीत.

मग आधी ज्याला ज्याला सांगितलं होतं, त्याच्याकडे जाऊन ते मागे घेत फिरलो. निवडणुकीत पडलेल्या माणसासारखा. चष्मेवाला म्हणाला, मग तुम्हाला वाचवलं कुणी? मी म्हटलं, बायकोच्या चहाडीनं आणि बहिणीच्या शिव्यांनी. तो म्हणाला, अशी औषधं दुकानात मिळत नाहीत.

अठरा तारखेला जाणार नव्हतो. तुझी वहिनी म्हणाली, बढाई मारायला जाणार होतात ना, आता फजिती सांगायला जा. गेलो. छोटा हॉल, पंधरा-वीस माणसं, सगळ्यांची तोंडं माझ्यासारखी फुगलेली. मी भाषण पाठ केलं होतं, ते गेलं विसरून. जे झालं ते सांगितलं. भीतीनं तारखा चुकवल्या, घरच्यांना फसवलं, बहिणीच्या नावावर खपवलं. चित्र स्वच्छ आलं आणि हृदय आतून पोखरलं जात होतं, हेही सांगितलं. एका बाईंनी विचारलं, मग मानेची ही सुई कधी सुटेल? मी म्हटलं, माहीत नाही. एवढं अवघड उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं.

कार्यक्रम संपला, खुर्च्या उचलत होते. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक गृहस्थ जवळ आले. या उकाड्यात गळ्याला मफलर. मला वाटलं, सर्दी असेल. त्यांनी मफलर जरासा बाजूला केला. मानेवर जुना वण होता, नवा नव्हता. खालच्या आवाजात म्हणाले, घरी वाटतंय, माझा चिमटा महिन्यापूर्वीच झाला. मी तुझ्या वहिनीला हाक मारली. ती सरळ त्यांच्या बायकोकडे गेली आणि पुढचं दोघींनी ठरवून टाकलं. चार दिवसांनी त्यांचा चिमटा झाला. हल्ला सुरू झालेलाच होता, पण अगदी सुरुवात. सलाइन चालू आहे. काल भेटायला गेलो होतो, माझ्याकडे रागानं बघत होते. बघू देत.

माझाही चिमटा परवा झाला. मी स्वतः तारीख घेतली, स्वतः गेलो. शीर पहिल्या खेपेत सापडली नाही, दुसऱ्या खेपेत सापडली. हात याही वेळी थरथरले. वहिनीनं ते धरून ठेवले आणि रिक्षात बसेपर्यंत सोडले नाहीत. निकाल आज आला. साफ आहे.

आता तुझं. हाडांच्या विभागात जायचं तर जा, मी अडवणार कोण. पण मंडळातल्या त्या बाई मला जिन्यापाशी पुन्हा गाठून म्हणाल्या, की तुमच्या बहिणीला सांगा, माझं रक्त चालत असेल तर मी देते. चित्र चुकलं तर चुकलं म्हणाल्या, मान तर अशीही टोचायचीच आहे. त्यांच्यामागे आणखी तिघं उभे होते. कुणी कुणाला शिकवून आणलेलं नव्हतं. आता त्यांना काय कळवू ते तू लिही. मी माझ्या मनानं काही सांगणार नाही, एकदा सांगून बघितलं.

मी पुढच्या महिन्यात चिमट्याला तुमच्याकडेच येतो. आदल्या दोन दिवसांत माझं रक्त घ्या आणि तुमचं चित्र काढा. आलं तर आलं, नाही तर अंधाराचं चित्र काढून ठेवा. माझ्या हयातीत तुला जमलंच पाहिजे असं काही नाही, पण माझी हयात आहे तोवर तुला रक्ताला तोटा नाही.

मोठ्या भावाचे आशीर्वाद परत करता येत नाहीत, तेव्हा ठेवून घे.
दादा